दीड लिटर

सोलापुरात डोंगर नाही. किल्ला आहे, पण तोही भुईकोट. सिद्धेश्वराच्या तळ्याशेजारी सपाट जमिनीवर उभा. त्यामुळे आमच्याकडे ट्रेकला जायचं म्हणजे आधी रात्रीची गाडी, मग पहाटेचं पुणे स्टेशन, मग स्वारगेट, मग एसटी, आणि मग कुठे पायथा. पुण्यातली पोरं दुचाकीला किक मारून सकाळी सकाळी गुंजवण्यात पोचतात आणि काही राहिलं तर पुढच्या रविवारी परत येतात. आम्हाला ते जमत नाही. जे काही पाहायचं, चढायचं, टिपायचं ते एकाच फेरीत. म्हणून आमच्या बॅगा जरा जास्तच भरतात. (हे समर्थन आहे, हे लिहिताना मलाच कळतंय.)

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीला आम्ही पाच जण राजगड ते तोरणा असं चालायला निघालो. आदल्या संध्याकाळी मी माझी बॅग गल्लीतल्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. कॅमेऱ्याची बॉडी, वाइड लेन्स, सत्तर-दोनशेची मोठी लेन्स, ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, वर पावसाचं कव्हर (फेब्रुवारीत!). एवढ्याचंच जवळजवळ सहा किलो. अंथरूण आणि कपडे वेगळे. खाण्याची चिंता नव्हती. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली की सोलापूरकराचं तीन दिवस भागतं आणि पाठीला पत्ताही लागत नाही. चिंता पाण्याची होती. राजगडावर टाक्यांत पाणी मिळतं, पण दोन गडांना जोडणाऱ्या डोंगरसोंडेवर उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याची खात्री नसते. माणशी तीन लिटर न्यायचं असं आमचं ठरलं होतं.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. सत्तर-दोनशेची लेन्स साधारण दीड किलोची. बॅग उचलून पाहिली, पट्टे खांद्यात रुतले. दीड किलो कमी करायचं तर दोनच वस्तू समोर होत्या. ती लेन्स, नाहीतर दीड लिटरची एक बाटली.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ते येणार त्या दिवशी आई कळश्या, पातेली, बादल्या, शेवटी पिठाचा रिकामा डबासुद्धा भरून ठेवते. त्या घरात वाढलेल्या मी बाटली काढून ठेवली. लागलंच तर कुणीतरी देईल, असं मनात आलं की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक आलं असणार.

पहिला दिवस मजेत गेला. रात्री पद्मावती माचीवर मी ट्रायपॉड लावून तारे टिपले. पहाटे सुवेळा माचीवरून सूर्योदय पाहिजेच होता, आणि सूर्य वर आल्यावर बालेकिल्ल्यावर पडणारं ऊनही पाहिजे होतं. बाकीचे चौघं बॅगा भरून बसले होते. सातला निघायचं होतं, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजून गेले. हे दोन तास माझ्या खात्यावर कुणी मांडले नाहीत. पुढे ते उन्हाच्या रूपाने सगळ्यांनीच फेडले.

तिथून तोरण्यापर्यंत धारेवरून चाल. मध्ये मध्ये कारवी आहे, तिथे सावली. बाकी उघडं रान. अकराच्या सुमाराला माझं पाणी संपलं. मी मागितलं नाही, पण घोट घोट करून बाटली उलटी झटकणारा माणूस शेजाऱ्याला दिसतोच. आमच्यातला सगळ्यात दमदार गडी माझ्यासोबत मागे चालत होता. त्याने स्वतःची बाटली पुढे केली. "घे बे, लाजतो काय." मी घेतली. तासाभराने पुन्हा घेतली.

दीडच्या आसपास तोच गडी खाली बसला. आधी पोटऱ्यांत गोळे आले, मग मळमळ, मग उलटी. चेहरा पांढरा पडला. बाकीच्यांकडे मिळून अर्धा-पाऊण लिटर उरलं होतं, त्यात मीठ-साखर घालून त्याला पाजलं. त्याच्या बाटलीतलं शेवटचं पाणी मी प्यायलो होतो, हे मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं. इतर तिघांच्या लक्षात आलं होतं का, मी कधी विचारलं नाही.

दोघं पुढे जाऊन बघून आले. थोडं खाली, उतारावर, धनगरांचा एक झाप होता. आम्ही त्याला धरून धरून तिथे नेलं. झापात एक मावशी होत्या, वय साठीच्या पुढचं. त्यांनी एक शब्द न विचारता हंड्यातून तांब्या भरून दिला, मग दुसरा, मग त्याच्या डोक्यावर ओला फडका. मग आम्हा चौघांनाही पाणी दिलं. हंडा रिकामा झाला. त्यांनी तो उचलला, चुंबळ घेतली आणि खालच्या झऱ्याकडे निघाल्या. "तुमी बसा. मला सवय हाय."

मित्राला झोप लागली होती, श्वास नीट चालला होता. मी बॅगेतून सत्तर-दोनशे काढली.

त्या परत येताना ऊन पश्चिमेकडून होतं. पाठीमागे निळी, धूसर डोंगररांग, पुढे वाळलेलं सोनेरी गवत, मधल्या पाऊलवाटेवर हंडा घेतलेली बाई. लेन्समध्ये मागची रांग जवळ ओढली गेली होती. त्या ट्रेकमधला तो सगळ्यात चांगला फोटो. खरं सांगायचं तर मी आजवर काढलेल्यातलाच सगळ्यात चांगला. आणि ती लेन्स नसती तर तो निघाला नसता, हेही तितकंच खरं.

मावशींनी विचारलं, "कुटं छापनार?" मी म्हटलं, छापणार नाही, मोबाईलवर टाकणार. "मग मला कसा दिसंल?" मी म्हटलं, प्रिंट काढून आणून देतो. त्यांनी ताकाचे पैसे घेतले. पाण्याचे देऊ केले तेव्हा हसल्या.

तोरणा राहिला. आम्ही तिथूनच खाली उतरलो. फोटो मी टाकला आणि तो बऱ्यापैकी फिरला. "केवढे कष्ट!", "या माऊलीला सलाम", असं लोकांनी लिहिलं. तो हंडा त्या दिवसाची जादा खेप होती, पहिला हंडा आम्ही पाच जणांनी संपवला होता, हे खाली कुणी लिहिलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याने कॅप्शनमध्ये सह्याद्री, राजगड आणि लेन्सचं नाव टाकलं होतं.

तेव्हापासून मला एक प्रश्न चिकटलाय. माझी लेन्स मीच वाहिली. पूर्ण वाट, माझ्याच पाठीवर. कुणाला "जरा धर रे" असंही म्हटलं नाही, त्याचा मला अभिमानही होता. मग तरीही ती दुसऱ्या कुणीतरी वाहिली असं का वाटतं?

डोंगरात कॅमेरा नेण्याचा इतिहास पाहिला तर तो बराचसा दुसऱ्यांच्या पाठीचा इतिहास आहे. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर १८६३ साली सिमल्याहून हिमालयात निघाला तेव्हा त्याचं सामान वाहायला तीसेक माणसं होती. ते तंत्रच तसं होतं. काचेच्या जड प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, आणि काळोखा तंबू, कारण प्लेटवर जागच्या जागी लेप द्यायचा, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. १८६६ साली त्याने मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर फोटो काढले. एवढ्या उंचीवर कुणी फोटो काढल्याचा तो विक्रम पुढे वीस वर्षं टिकला. फोटो सुंदर आहेत, आजही पाहताना थांबायला होतं. आणि याच बोर्नने आपल्या प्रवासवर्णनांत हमाल पळून जात असल्याच्या तक्रारी केल्यात, त्यांच्यावर काठी चालवल्याचंही लिहून ठेवलंय. लपवायचं असं काही त्यात त्याला वाटलं नाही. फोटोंवर त्याचं नाव आहे. प्लेटा वाहणाऱ्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

बोर्नला नावं ठेवणं सोपं आहे, कारण त्याची काठी दिसते. त्यावरून एक सरळ नियमही निघतो, आणि ट्रेकर लोकांत तो लोकप्रिय आहे: आपलं ओझं आपण वाहावं, झेपत नसेल तर आणू नये. मलाही तो बरीच वर्षं पटायचा. आता दोन बाजूंनी पटत नाही.

एक तर, ओझं दुसऱ्याला देण्यात मुळात काही वाईट आहे असं मला वाटत नाही. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात सकाळी जाऊन बघा. अख्खं शहर दुसऱ्याच्या पाठीवर चालतं हे तिथे डोळ्यांना दिसतं. पण तिथे पोतं कुणाचं, उचलणार कोण, नगाला दर काय, हे सगळ्यांना माहीत असतं. हा हिशेबही आपोआप आलेला नाही. त्यासाठी हमालांना संघटना कराव्या लागल्या, आणि महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी; त्याच्या मजुरीची, विम्याची, म्हातारपणाची नोंद कुठेतरी हवी, हे सरकारला कायद्यात लिहावं लागलं. तिकडे पेरूमध्ये इंका ट्रेलवर पर्यटकांचं सामान वाहणाऱ्यांसाठी २००१ साली कायदा झाला आणि पाठीवर वीस किलोंची मर्यादा आली. पायथ्याच्या गावातला एखादा पोरगा पैसे ठरवून तुमची बॅग गडावर नेत असेल, तर "मी नाही बाबा दुसऱ्यावर ओझं टाकत" म्हणून त्याला परत पाठवण्यात त्याचं काय भलं होतं? तुमचा स्वाभिमान राहतो, त्याची दिवसाची कमाई जाते.

दुसरी बाजू मला जास्त टोचते. ओझं म्हणजे फक्त पाठीवरची वस्तू, असं हा नियम धरून चालतो. माझ्या पाठीवर लेन्स होती, मित्राच्या पाठीवर माझं पाणी होतं. तो माझी लेन्सच वाहत होता, फक्त त्याला ती पाण्याच्या रूपात दिसत होती. हमालाला निदान पोतं कुणाचं ते ठाऊक असतं. याला आपण काय वाहतोय तेच माहीत नव्हतं.

त्याने स्वतःहून दिलं, असं मी काही दिवस स्वतःला सांगितलं. "घे बे" हे त्याचेच शब्द. पण त्याने पाणी दिलं ते तहानलेल्या मित्राला. मित्र तहानलेला का आहे, हे त्याला सांगितलं नव्हतं. निघायच्या आधी मी म्हटलं असतं, "मला ही लेन्स न्यायचीच आहे, माझं दीड लिटर तू घेशील का?" तर तो शंभर टक्के हो म्हणाला असता. चार शिव्या दिल्या असत्या, एक बाटली जास्त घेतली असती, आणि राजगडावरच्या टाक्यावर दोन्ही भरल्या असत्या. मला विचारायची लाज वाटली नव्हती. विचारायचं सुचलंच नव्हतं. आणि सुचलं असतं तर बहुधा विचारलं नसतं, कारण विचारलं की ते ओझं आहे हे कबूल करावं लागतं.

मावशींचं तर याहून अवघड. त्यांना आधी विचारण्याची सोयच नव्हती. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे इतकं गृहीत आहे की त्याला संमती म्हणता येईल का, हेच मला कळत नाही. त्यांनी पाण्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणून ते फेडता आलं नाही. आणि मी मात्र त्याच खेपेतून माझं काहीतरी घेऊन आलो.

तुमच्यातले बरेच जण हे फोनवर वाचत असाल आणि म्हणाल, हे सगळं मोठ्या कॅमेऱ्यांचं दुखणं. आमचा कॅमेरा दोनशे ग्रॅमचा, त्याच्यात तीन लेन्सा. बरोबर आहे, आणि मी हल्ली बहुतेक वेळा फोनच नेतो. पण कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर, मधल्या पायरीवर, मागे पंधरा माणसं लटकलेली असताना एक हात सोडून व्हिडिओ काढणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचा कॅमेरा हलकाच होता. मागच्या पंधरांच्या दंडावर तो किती भरला हे त्यांना विचारा. सहा किलोंत एक बरं होतं, निदान काट्यावर दिसायचे.

मागच्या वर्षी चैत्रात मी शिखर शिंगणापूरला गेलो. हे देवस्थान सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात येतं, पण कावडी चढतात तो मुंगी घाट आमच्या माळशिरसच्या अंगाला आहे. नातेपुत्यापर्यंत एसटी आहे, त्यामुळे या एका डोंगराला आम्ही आमचा म्हणू शकतो. चैत्र शुद्ध द्वादशीला इथे कावडी येतात. सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड मानाची. तांब्याच्या मोठ्या भांड्यांत कऱ्हेचं पाणी भरून, खांद्यावरच्या दांडीला ती दोन बाजूंना लावून, पायी आणतात. शेवटी ती या घाटातून वर जाते आणि ते पाणी शंभू महादेवाला घालतात. घाट म्हणजे पायऱ्या नाहीत, सुटे दगड आणि अंगावर येणारा चढ. खालून पाहिलं तर चढणारी माणसं मुंग्यांसारखीच दिसतात.

म्हणजे पुन्हा पाणी आणि पुन्हा डोंगर. मी एक बॉडी आणि वाइड लेन्स एवढंच नेलं होतं, आणि तीन लिटर पाणी. चढाच्या मध्यावर, कडेला, एक चांगली जागा धरून बसलो.

कावड जवळ आली तसा हर हर महादेवचा आवाज अंगावर यायला लागला. ती पुढे सरकते ती साखळीने. वरची माणसं खालच्यांना हात देतात, खालची वरच्यांच्या पायाला आधार देतात, आणि मधून कावड बोटा-बोटाने चढते. खांदे सतत बदलत असतात. आमच्या गड्ड्याला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, त्यांच्यातही ही अदलाबदल मी लहानपणापासून पाहिलीय. खांदा द्यायला मिळावा म्हणून माणसं हट्ट करतात. ओझं देणाऱ्याला संकोच नाही, घेणाऱ्याला उपकार केल्याची जाणीव नाही. पाणी कुणाचं हा प्रश्नच नाही, कारण वर गेल्यावर ते कुणालाच प्यायचं नाही.

माझ्या एका बाजूला साखळी तुटायला आली होती. वरचा एक पागोटेवाले आजोबा माझ्याकडे बघून ओरडले, "बाळा, ते मागं टाक, हात दे." मी कॅमेरा पाठीवर ढकलला आणि हात दिला. खालून एका माणसाचं सगळं वजन त्या हातात आलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मिनिटभर असेल. तेवढ्या मिनिटात कावड माझ्यापासून दोन हातांवरून वर गेली आणि माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही.

इथे मला "कॅमेरा ठेवून हात दिला, किती बरं वाटलं" असं लिहिता आलं असतं. बरं वाटलंही. पण मी तिथे गेलो होतो कशामुळे? लहानपणी एका वर्तमानपत्रात पाहिलेल्या मुंगी घाटाच्या फोटोमुळे. तो ज्याने काढला त्याने त्या क्षणी कुणालाही हात दिला नव्हता, त्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. त्याने हात दिला असता तर मला या घाटाची ओढच लागली नसती. मावशींचा फोटो पाहून दोन अनोळखी मुलांनी मला विचारलं होतं, त्या भागात पाण्याची इतकी अडचण आहे का, काही करता येईल का. मी उत्तर दिलं नाही, हा माझा दोष, फोटोचा नाही. सगळ्यांनीच हात दिले तर बघणार कोण, सांगणार कोण, हा प्रश्न फालतू नाही. पण तो विचारण्याचा हक्क मला प्रत्येक वेळी आपोआप मिळतो, असंही मला आता म्हणवत नाही. त्या दिवशी घाटात आजोबांनी सरळ हात मागितला म्हणून सोपं गेलं. सोंडेवर मागणारं कुणी नव्हतं.

मित्राला मी हे सगळं सांगायला दीड वर्ष लावलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझी बाटली एकच होती, मी स्टेशनवरच बघितली होती." मग तू बोलला का नाहीस? "तुला लेन्स न्यायची होती ना." म्हणजे त्याने जाणूनबुजून वाहिलं होतं. वर जे मी लिहिलंय, त्याला माहीत नव्हतं वगैरे, ते मला काढून टाकावं लागेल की काय, यावर अजून विचार चाललाय. माझ्यापुरतं तरी ते तसंच राहतं. त्याने बघितलं होतं, मी सांगितलं नव्हतं.

आता निघताना तो सोलापूर स्टेशनच्या फलाटावर सगळ्यांना बाटल्या बाहेर काढायला लावतो. बाकावर ओळीने मांडतो आणि मोजतो. मग माझ्याकडे वळून विचारतो, "आणि काच किती आणलीस?" मी वजनासकट सांगतो. कधी तो ट्रायपॉड स्वतःच्या बॅगेला बांधतो, कधी म्हणतो, हे राहू दे, आणि मग ते स्टेशनवर सोडायला आलेल्या कुणाच्या तरी हातून घरी परत जातं.

मावशींचा प्रिंट मी काढून घेतलाय, आठ बाय बाराचा. तीन वर्षांत त्या बाजूला जाणं झालं नाही हे खरं, पण अर्धंच खरं. येत्या फेब्रुवारीत राजगड-तोरणा पुन्हा ठरलाय. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून प्रिंट बॅगेत बसतो का, ते परवा मी बघत होतो. ट्रायपॉडच्या बाजूला ठेवला तर कोपरा दुमडतो. मित्र बघत होता. म्हणाला, "दे इकडं, माझ्या बॅगेत टाकतो. तुझ्यात चुरगळेल."